घरातून चालणाऱ्या व्यवसायाचा खरा नफा कसा मोजावा

घरातून व्यवसाय करणाऱ्या अनेकांची अडचण थोड्याफार फरकाने सारखीच असते. ग्राहक समाधानी असतात, ऑर्डर पुढच्या महिन्यापर्यंत नोंदवलेल्या असतात, विकलेल्या प्रत्येक वस्तूवर चार पैसे सुटतात असे वहीही सांगते, आणि तरीही महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. मग कष्ट कमी पडले किंवा जाहिरात कमी पडली असे समजून माणूस आणखी काम अंगावर घेतो आणि ओढाताण वाढते.

या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा हिशोबात असते. घरातल्या व्यवसायाचा काही खर्च घर उचलत असते आणि तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. खोली घराची, वीज घराची, फोन घरचाच, पार्सल बांधायला मदत करणारे हात घरातल्या माणसांचे, आणि मालकाचा स्वतःचा वेळ तर जणू फुकटच. ही पदरमोड आकड्यांत मांडल्याशिवाय व्यवसाय घराला पोसतो आहे की घर व्यवसायाला, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी लेखापालाचे शिक्षण लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार पुरतात.

हा प्रश्न थोड्या लोकांचाही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली, म्हणजे कोविडच्या साथीपूर्वीच, जगभरात सुमारे २६ कोटी लोक घरातून काम करत होते. एकूण रोजगाराच्या ते ७.९ टक्के होते. त्यांत घरून नोकरी करणारे, तुकड्यावर मजुरी करणारे आणि स्वतःचा व्यवसाय असणारे असे सगळे आले.

घर आणि काम वेगळे कधी झाले?

घरात व्यवसाय करणे ही नवी कल्पना नाही. उलट घराबाहेर जाऊन काम करणे हीच इतिहासाच्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. कारखाने येण्यापूर्वी युरोपात व्यापारी लोकर किंवा सूत कारागिरांच्या घरी पोहोचवत आणि तयार कापड घेऊन जात. रिचर्ड आर्कराइट यांनी १७७१ मध्ये इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. अशा गिरण्यांनी कारागिराला घराबाहेर काढून यंत्राजवळ नेले. यंत्रे, जागा आणि पगार कारखान्याच्या हिशोबात वेगवेगळे दिसू लागले. घरातल्या कामाच्या वाट्याला मात्र असा हिशोब फारसा आला नाही.

हा व्यवसाय आहे की घरी आणलेली मजुरी?

किंमत आणि नफ्याकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्यायला हवे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्यांविषयी नव्हे तर आपल्या घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांविषयी, १७७ क्रमांकाचा करार संमत केला. एखादी व्यक्ती आपल्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी, मोबदल्यासाठी, काम देणाऱ्याने ठरवून दिलेल्या स्वरूपाची वस्तू किंवा सेवा तयार करत असेल, तर साधने आणि कच्चा माल कोणाचाही असला तरी ती या कराराच्या अर्थाने घरकामगार ठरते. मात्र ती व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक मानली जावी इतकी स्वायत्त आणि आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. वस्तू कशी असावी, तिची किंमत किती असावी आणि ती कोणाला विकावी हे तीनही निर्णय एकच खरेदीदार घेत असेल, तर मशिन आपले आणि बिलावर नाव आपले असले तरी प्रत्यक्षात आपण मजुरी करत आहोत, आणि मशिन बिघडल्यास, माल नाकारला गेल्यास किंवा काम थांबल्यास होणारा तोटा मात्र मालकाचा म्हणून आपल्या माथी येतो. मला ही सर्वांत अन्यायकारक स्थिती वाटते, कारण तीत नोकरीची शाश्वती नसते आणि व्यवसायातले स्वातंत्र्यही नसते. ज्याला स्वतःची किंमत ठरवता येत नाही, त्याने आधी दुसरा आणि तिसरा ग्राहक शोधावा. पुढचा सगळा हिशोब त्यानंतर उपयोगी पडतो.

एका पिशवीचा हिशोब

समजा, एक व्यक्ती घरी कापडी पिशव्या शिवून विकते. चलन कोणतेही धरा. एका पिशवीची विक्रीची किंमत १०० आहे. कापड, अस्तर, दोरा आणि चेन यांना ४५ लागतात. पॅकिंग, पोहोचवण्याचा खर्च आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क मिळून १५ होतात. हे दोन्ही खर्च पिशवी शिवली आणि विकली तरच होतात, म्हणून त्यांना बदलता खर्च म्हणतात. १०० मधून ६० वजा जाता प्रत्येक पिशवीमागे ४० उरतात, आणि बहुतेक जण या ४० लाच नफा समजतात.

तो अजून नफा नाही. एकही पिशवी विकली नाही तरी दर महिन्याला काही खर्च होतच राहतात: जाहिरात, इंटरनेट, विमा, मशिनची देखभाल आणि घसारा. घसारा म्हणजे मशिनची किंमत ते जितकी वर्षे चालेल त्या वर्षांवर विभागून दर महिन्याच्या खर्चात धरलेला तिचा वाटा. तो धरला नाही तर मशिन निकामी होईल त्या दिवशी नवे घ्यायला पैसे नसतात. हे सगळे स्थिर खर्च मिळून महिन्याला २,००० धरू. त्यांना ४० ने भागले की ५० येतात. म्हणजे पहिल्या ५० पिशव्या फक्त हा खर्च भरून काढण्यासाठी शिवल्या जातात आणि खरी कमाई ५१ व्या पिशवीपासून सुरू होते. या ५० पिशव्यांच्या आकड्याला ‘ना नफा ना तोटा’ बिंदू म्हणतात. महिन्याला १०० पिशव्या विकल्या, तर वरच्या ५० पिशव्यांचे २,००० उरतात.

आता वेळेकडे येऊ, कारण घरच्या व्यवसायातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. एक पिशवी शिवायला ४० मिनिटे लागतात असे धरले, तर किंमत ठरवताना तेवढीच मिनिटे डोळ्यांसमोर असतात. पण ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, छायाचित्रे काढणे, कापड निवडून आणणे, पार्सल बांधणे, परत आलेली वस्तू बदलून देणे, वही लिहिणे हीदेखील कामेच आहेत. त्यांची प्रत्येक पिशवीमागे सरासरी २० मिनिटे धरली तर एका पिशवीला पूर्ण तास लागतो. १०० पिशव्यांना १०० तास. मघाचे २,००० या तासांवर विभागले की ताशी २० मिळतात.

आणि यात घराचा वाटा अजून धरलेलाच नाही. घराचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता, वीज आणि देखभाल मिळून महिन्याचा खर्च १०,००० आहे, कामाची जागा घराच्या एक दशांश आहे आणि ती अर्धा वेळ व्यवसायासाठी वापरली जाते असे मानले, तर हा वाटा ५०० होतो. तो वजा केला की १०० तासांच्या कामाचे १,५०० म्हणजे ताशी १५ उरतात.

हेच शिवणकाम दुसऱ्याकडे जाऊन केले तर ताशी ३५ मिळाले असते, असे समजू. एक पर्याय निवडताना सोडून दिलेल्या सर्वोत्तम दुसऱ्या पर्यायाच्या या मोलाला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. घराने १०० तासांचे श्रम म्हणजे ३,५०० आणि जागेचे ५०० असे ४,००० व्यवसायात घातले, आणि व्यवसायाने त्याला २,००० परत दिले. उरलेले २,००० हे घराने दर महिन्याला दिलेले अनुदान आहे. ग्राहकाला १०० ला मिळणाऱ्या पिशवीचा खरा खर्च १२० आहे आणि वरचे २० शिवणाऱ्याचे घर भरते आहे.

सेवा देणाऱ्यांचा हिशोबही असाच असतो, फक्त तिथे कच्चा माल जवळजवळ नसतो आणि वेळ हाच मुख्य खर्च असतो. भाषांतर, शिकवणी, रेखाटन, जमाखर्च लिहून देणे अशा कामांत दिवसाच्या आठ तासांपैकी पैसे मिळवून देणारे तास किती आणि ग्राहक शोधण्यात किंवा दुरुस्त्या करण्यात गेलेले किती, हे एक महिना जरी लिहून ठेवले, तरी आपला दर कुठे चुकतो ते दिसते.

घराचा वाटा ठरवायचा कसा?

‘एक दशांश जागा, अर्धा वेळ’ हे आकडे हवेतून काढल्यासारखे वाटू शकतात. पण त्यांना मान्यता मिळालेल्या पद्धतींचा आधार आहे, कारण करखात्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. अमेरिकेत २०१३ च्या करवर्षापासून असलेल्या सोप्या पद्धतीत, घराचा जो भाग नियमितपणे आणि केवळ व्यवसायासाठी वापरला जातो त्याच्या प्रत्येक चौरस फुटामागे ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फुटांपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येतात. ब्रिटनमधील सोप्या पद्धतीत जागा मोजली जात नाही. महिन्यातून किमान २५ तास घरून काम केल्यास तासांच्या प्रमाणात ठरावीक रक्कम वजा करता येते. पहिली पद्धत क्षेत्रफळ मोजते, दुसरी वेळ. स्वतःच्या माहितीसाठी दोन्हींचा गुणाकार करणे सर्वांत न्याय्य, कारण एकाच खोलीत दिवसा काम आणि रात्री झोप असे बहुतेक घरांत चालते. विवरणपत्र भरताना अर्थातच आपल्या देशाचा नियम पाळावा लागतो.

घर तर आहेच, मग त्याचा खर्च कशाला धरायचा?

हा आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. व्यवसाय बंद केला तरी भाडे द्यावेच लागणार, मग ते व्यवसायाच्या माथी का मारायचे? उत्तर आपण कोणता निर्णय घेत आहोत त्यावर अवलंबून आहे.

समोर एकच जादा ऑर्डर आली आहे, दोन दिवस मोकळे आहेत आणि ती घ्यावी की नाही इतकाच प्रश्न असेल, तर भाडे धरू नये हे बरोबर आहे. त्या ऑर्डरमुळे वाढणारा खर्च आणि मिळणारे पैसे एवढेच पाहावे. पण वर्षभराची किंमत ठरवताना किंवा हा व्यवसाय चालू ठेवावा का हे ठरवताना घराचा वाटा धरलाच पाहिजे. ती खोली मुलांच्या अभ्यासाला किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना देता आली असती, कदाचित भाड्यानेही देता आली असती. शिवाय व्यवसाय वाढून बाहेर जागा घ्यायची वेळ आली की भाडे एकदम अंगावर येते, आणि घराच्या आधारावर ठरवलेली किंमत त्या दिवशी तोट्याची ठरते. तोपर्यंत ग्राहकांना जुन्या किमतीची सवय झालेली असते.

‘हे तर मी फावल्या वेळेत करते’ हे उत्तरही असेच तपासून पाहावे. फावला वेळ खरोखर फावला असेल तर त्याचे मोल कमी धरायला हरकत नाही. मात्र महिन्याला १०० तास कोणत्याही घरात सहज मोकळे पडलेले नसतात. ते झोपेतून, विश्रांतीतून किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमातून येतात, आणि बहुतेक घरांत ही भरपाई घरातल्या बाईने केलेली असते. म्हणून तिच्या तासांचे मोल शून्य धरणारा हिशोब मला केवळ चुकीचा वाटत नाही, तो अन्यायाचाही वाटतो.

किंमत वाढवली तर ग्राहक जातील

काही जातील हे खरे आहे. पण किती गेले तर चालेल, हे आधी मोजता येते. मघाच्या उदाहरणात १०० च्या किमतीला प्रत्येक पिशवीमागे ४० उरत होते, म्हणजे १०० पिशव्यांचे ४,०००. किंमत ११० केली तर ५० उरतील आणि तेच ४,००० अवघ्या ८० पिशव्यांत मिळतील. पाचातला एक ग्राहक गेला तरी उरणारी रक्कम तितकीच राहते, शिवाय २० तास मोकळे होतात.

उलट बाजू जास्त बोलकी आहे. खप वाढावा म्हणून १० टक्के सूट दिली तर किंमत ९० होते आणि हाती उरतात फक्त ३०. तेच ४,००० मिळवायला आता १३४ पिशव्या शिवाव्या लागतात. मोठ्या कारखान्यात यंत्र थोडे अधिक चालवून हे साधते. घरात ते ३४ जादा तास एकाच माणसाच्या पाठीवर पडतात. मोठ्या विक्रेत्यांशी सूट देण्यात स्पर्धा करणे घरच्या व्यवसायाला परवडत नाही, त्याचे कारण हे आहे. माप, रंग, दुरुस्ती, वेळेवर काम आणि ओळखीचा विश्वास या बाबतींत मात्र घरचा व्यवसाय मोठ्यांना मागे टाकू शकतो, आणि किंमत याच गोष्टींच्या बळावर मागावी.

‘पण मोठमोठ्या कंपन्याही अशाच गॅरेजमधून उभ्या राहिल्या’ हे उदाहरण या ठिकाणी हमखास दिले जाते. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कंपनी ह्यूलेट-पॅकार्ड. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे घरामागच्या गॅरेजमध्ये काम करत बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये भागीदारी सुरू केली. त्यांच्या पहिल्या उपकरणाची, ध्वनिलहरी निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरची, किंमत त्यांनी ५४ डॉलर ४० सेंट ठेवली. हा आकडा खर्चाच्या हिशोबातून आलेला नव्हता. अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातील एका सीमावादातल्या गाजलेल्या घोषणेतून तो उचलला होता. इतक्या कमी पैशांत ते उपकरण तयारच होत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. ते सावरू शकले, कारण जवळच्या प्रतिस्पर्ध्याचे उपकरण कितीतरी महाग होते आणि किंमत वाढवायला भरपूर वाव होता. त्या दिवसांत पॅकार्ड यांच्या पत्नी ल्यूसिल स्टॅनफर्ड विद्यापीठात नोकरी करत होत्या आणि घर त्या पगाराच्या आधाराने चालत होते. उपकरणाच्या पट्ट्यांवरचा रंग भाजून पक्का करायलाही घरचीच भट्टी वापरली गेली. म्हणजे त्या व्यवसायालाही घराचे अनुदान होतेच, आणि किंमत दुरुस्त केल्यावरच तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. जे गॅरेजमध्येच संपले त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

नफा आहे, तर रोकड का नाही?

किंमत योग्य असूनही व्यवसाय अडचणीत येऊ शकतो, कारण नफा आणि हातातली रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत. नफा म्हणजे वर्षभरात पडलेला पाऊस आणि रोकड म्हणजे आज हौदात असलेले पाणी. वर्षाचा पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांनी पडणार असेल आणि हौद आज कोरडा असेल, तर आजची तहान भागत नाही.

समजा, एका घाऊक खरेदीदाराने दर महिन्याला १०० पिशव्यांची ऑर्डर दिली आणि माल मिळाल्यावर ४५ दिवसांनी पैसे देण्याचे ठरले. पहिल्या दिवशी ४,५०० चे कापड आणि इतर साहित्य रोखीने आणले, २० व्या दिवशी माल पोहोचवला, म्हणजे पैसे ६५ व्या दिवशी येणार. पण ३१ व्या दिवशी दुसऱ्या ऑर्डरसाठी आणखी ४,५०० चे साहित्य घ्यावे लागते आणि ६१ व्या दिवशी तिसरीसाठी. एकही पैसा आत येण्यापूर्वी केवळ कच्च्या मालात १३,५०० अडकले. प्रत्येक ऑर्डर नफ्याची आहे, आणि तरीही विजेचे बिल भरायला पैसे नाहीत. ऑर्डर दुप्पट झाली तर अडकणारी रक्कमही दुप्पट होते. म्हणून चांगला चाललेला व्यवसाय वाढीच्या काळातच बुडण्याचा धोका असतो. माल घेतल्यापासून पैसे येईपर्यंत व्यवसाय चालू ठेवायला लागणाऱ्या या रकमेला खेळते भांडवल म्हणतात, आणि घरच्या व्यवसायात ते गुपचूप घराच्या बचतीतून येते.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते मागायला संकोच वाटतो. ऑर्डर घेतानाच निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. निदान कच्च्या मालाची तरी घ्यावीच. बिल माल पोहोचेल त्याच दिवशी द्यावे आणि पैसे देण्याची तारीख त्यावर स्पष्ट लिहावी. पुरवठादाराकडे थोडी उधारी मिळते का ते पाहावे. मोठी ऑर्डर हप्त्याहप्त्याने पोहोचवून तितके पैसे घेत जावे. पैसे वेळेवर मागण्यात कमीपणा मानू नये. लहान पुरवठादाराचे पैसे अडकू नयेत म्हणून कायदेही झाले आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दोन व्यवसायांमधील देणी सर्वसाधारणपणे ६० दिवसांच्या आत चुकती व्हायला हवीत, आणि भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराशी लेखी करार केला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही.

व्यवसायाच्या वहीत मालक हा परका

व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन पंथाच्या गणितज्ञाने व्यापाऱ्यांची हिशोबाची पद्धत छापील ग्रंथात मांडली. ती त्यांनी शोधलेली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. द्विनोंदी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहिला जातो, आणि मालकाने घातलेले भांडवल हे व्यवसायाने मालकाला देणे लागत असलेली रक्कम म्हणून नोंदवले जाते. व्यवसायापुरता मालक हा बाहेरचा माणूस ठरतो.

घरच्या व्यवसायाला द्विनोंदीची संपूर्ण पद्धत लागेलच असे नाही, पण मालकाला परके मानण्याची ही शिस्त मात्र लागतेच. त्यासाठी व्यवसायाचे बँक खाते वेगळे असावे. विक्रीचे सगळे पैसे त्यात यावेत आणि व्यवसायाचे सगळे खर्च त्यातूनच व्हावेत. घराला पैसे हवे असतील तर महिन्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेली उचल घ्यावी, आणि अडचणीत घरातून पैसे घालावे लागले तर ते उसने म्हणून लिहावेत. विक्रीवर ग्राहकाकडून कर वसूल होत असेल तर तो आपला कधीच नसतो. तो वेगळ्या खात्यात ठेवला नाही तर भरण्याच्या दिवशी तो खर्च झालेला असतो. हे सगळे सांभाळायला वेळ नाही असे वाटणाऱ्याने आठवड्यातला एक तास या कामासाठी राखून तो तासही किमतीत धरावा.

व्यवसाय बुडाला तर घर वाचते का?

वह्या वेगळ्या केल्या म्हणून कायद्याच्या नजरेत घर आणि व्यवसाय वेगळे होत नाहीत. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचे कर्ज हे सर्वसाधारणपणे मालकाचेच कर्ज असते आणि वसुली त्याच्या घरापर्यंत पोहोचू शकते. मालकाची जबाबदारी त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतीच ठेवणारी मर्यादित दायित्वाची तरतूद ब्रिटनमध्ये १८५५ च्या कायद्याने आली. पुढे लंडनमधील बूट तयार करणारे ॲरन सॉलोमन यांनी आपला व्यवसाय कंपनीच्या नावे केला. भागधारक ते स्वतः, त्यांची पत्नी आणि मुले. कंपनी बुडाल्यावर तिची देणी सॉलोमन यांनीच फेडावीत अशी मागणी झाली. कंपनी ही मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे असे म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती फेटाळली; १८९७ च्या निकालसंग्रहात छापलेला हा निकाल आजही कंपनी कायद्याचा पाया मानला जातो.

तरीही प्रत्येकाने लगेच कंपनी काढावी असे नाही. तिच्या नोंदणीचा, विवरणपत्रांचा आणि लेखापरीक्षणाचा खर्च असतो, आणि बँकेने कर्जासाठी मालकाची वैयक्तिक हमी घेतली की त्या कर्जापुरते हे संरक्षण संपते. पिशव्या शिवणाऱ्याला धोका कमी, तर लहान मुलांच्या वापराची वस्तू, विजेवर चालणारे उपकरण किंवा अंगाला लावायचा पदार्थ तयार करणाऱ्याला जास्त. धोका जितका मोठा आणि उधारी जितकी जास्त, तितके हे पाऊल लवकर उचलावे. घराचा विमा असेल तर व्यवसायाचा माल, यंत्रे आणि भेटीला येणारे ग्राहक त्यात धरलेले आहेत का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. घरगुती विम्यातून ते अनेकदा वगळलेले असतात किंवा फार थोड्या रकमेपुरते धरलेले असतात. भाड्याचे घर असल्यास करारात व्यवसायाला परवानगी आहे का, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

हिशोब तोट्याचा निघाला तर?

मग पहिल्यांदा किंमत तपासावी, दुसऱ्यांदा वेळ. सर्वांत जास्त तास खाणारी आणि सर्वांत कमी उरवणारी वस्तू बहुतेक व्यवसायांत एखादी तरी असते, आणि अनेकदा ती मालकाची सर्वांत आवडती असते. ती बंद केली तर कित्येकदा दुसरे काही न करताही ताशी कमाई वाढते. त्यानंतर वेळ पडल्यास लवकर पैसे देणारे ग्राहक ठेवून उधारीचे ग्राहक कमी करावेत.

इतके करूनही घराचे अनुदान चालूच राहत असेल, तर ते किती दिवस आणि किती रकमेपर्यंत द्यायचे हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून लिहून ठेवावे. पहिल्या वर्षी असे अनुदान देणे गैर नाही. ग्राहक आणि हातोटी दोन्ही जमायला वेळ लागतो, आणि ती समजून-उमजून केलेली गुंतवणूक असते. ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तर नव्या ऑर्डर थांबवाव्यात, घेतलेल्या आगाऊ रकमांचा माल पूर्ण करून द्यावा किंवा पैसे परत करावेत, आणि येणे असलेली उधारी वसूल करून पुरवठादारांची देणी आधी चुकती करावीत. काम मनापासून आवडत असेल तर ते छंद म्हणून चालू ठेवता येते. मात्र तेव्हा त्याचा खर्च घराच्या छंदाच्या रकमेत धरावा आणि व्यवसायाचे खाते बंद करावे.